जपानी मेंदूज्वर : मेंदूचे प्रतिमाचित्रण

क्युलेक्स डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात मेंदूला कोठे इजा झाली, हे सीटी स्कॅन व एमआरआयने पाहतात. भारतात याचे रुग्ण प्रथम १९५५ मध्ये वेल्लोर भागात आढळले. भातखाचरे, पाणपक्षी आणि डुकरे जेथे एकत्र येतात, तेथे तो अधिक दिसतो.

पहिल्या काही दिवसांत सीटी स्कॅन बऱ्याचदा निर्दोष येतो. तेवढ्यावरून मेंदूज्वर नाही असे मानणे धोक्याचे. एमआरआय अधिक संवेदनक्षम आहे. त्यात ठळक खूण दिसते ती थॅलॅमसमध्ये. मेंदूच्या मध्याशी दोन्ही बाजूंना असलेले हे भाग टी-२ व फ्लेअर प्रतिमांत पांढरट, उजळ उमटतात. क्वचित त्यांत रक्तस्रावही असतो. मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्यही बाधित होऊ शकते. काही रुग्णांचा चेहरा भावहीन होतो, अंग ताठरते व हात थरथरतात, त्याचा उलगडा या स्थानावरून होतो.

हर्पिसजन्य मेंदूज्वरात मात्र मुख्यतः शंखखंड बाधित होतो. हा भेद कामाचा, कारण हर्पिसवर असायक्लोव्हिर हे औषध आहे. जपानी मेंदूज्वरावर विषाणुरोधक औषध नाही. तरी त्यात शंखखंडातील हिपोकॅम्पसही बाधित असल्यास दोन्ही चित्रे सारखी भासतात. डेंग्यू व वेस्ट नाईल विषाणूही थॅलॅमसला बाधा करू शकतात. म्हणून केवळ प्रतिमेवर विसंबत नाहीत. मस्तिष्क-मेरुद्रवातील आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी करून निदान पक्के करतात.