पिंजऱ्यात एकटी उभी असलेली विधवा

1881 साली सुरतच्या सत्र न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. नवजात मुलाचा जीव घेतल्याचा तिच्यावर आरोप होता. अपिलात फाशी टळून जन्मठेपेचे काळे पाणी झाले आणि पुढे तीही शिक्षा पाच वर्षांवर आली. बाई तीच, गुन्हा तोच. मग शिक्षेत एवढी तफावत का? माझ्या मते याचे उत्तर त्या काळच्या न्यायदृष्टीत आहे. अशा बाईकडे एक तर कुलटा म्हणून पाहिले जाई, नाही तर अबला म्हणून. संताप आला तर फास, कणव आली तर सूट. तिला या टोकाला आणणारी परिस्थिती आणि त्या मुलाचा बाप, या दोन्ही गोष्टी मात्र निवाड्याबाहेरच राहत.

याआधी पुण्यात हेच घडले होते. जोतीराव फुले यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेला शेजारच्या एका शास्त्र्यापासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्मले आणि लोकलज्जेपोटी तिने ते मारून विहिरीत टाकले. तिची रवानगी अंदमानात झाली. शास्त्री मोकळाच राहिला. 1856 च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती, पण घराघरांत केशवपन आणि सोवळेपणच चालू होते. पोट दिसू लागले की बाईला घरही नाही आणि जातही नाही. दंड संहितेच्या 302 कलमात मात्र खुनाला फाशी किंवा जन्मठेप एवढेच दोन पर्याय होते. इंग्लंडमधले ज्यूरी अशा खटल्यांत खुनाऐवजी जन्म लपवल्याचा सौम्य गुन्हा मान्य करून आरोपीला फासापासून वाचवत. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत ज्यूरी नव्हतीच. असेसर असत आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. त्यामुळे उरे ती वरच्यांची मेहेरबानी.

यावर कोणी म्हणेल, मेलेल्या बाळाचे काय? त्याचा जीव का स्वस्त? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. पण बाळांचे जीव फाशीने वाचले, असे कुठे दिसते? ते वाचवले बालहत्या प्रतिबंधक गृहाने. काशीबाईला शिक्षा झाल्यावर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी ते 1863 साली आपल्या राहत्या घरी उघडले आणि विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. 1884 पर्यंत तिथे पस्तीस विधवा आल्याचे जोतीरावांनी सरकारला लिहिलेल्या पत्रात नोंदले आहे. दुसरा आक्षेप असा की न्यायाधीश कायद्याने बांधलेला असतो, तो समाज कसा सुधारणार? ते मान्य. म्हणूनच कायदा बदलायला हवा होता. इंग्लंडने 1922 साली बालहत्येचा वेगळा, सौम्य गुन्हा ठरवून प्रसूतीनंतरच्या मनःस्थितीला कायद्यात जागा दिली. त्यामुळे तिथे सौम्य शिक्षेला कायद्याचा आधार मिळाला.

विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून बायकांवर आगपाखड झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून दोषातला पुरुषांचा वाटा चव्हाट्यावर मांडला. न्यायालयाने न विचारलेला प्रश्न एका मराठी बाईने छापून विचारला. शिक्षा कमी झाल्याने विजयालक्ष्मीचा जीव वाचला, पण न्याय पुरा झाला नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेतही आईच्या हातून होणाऱ्या बालहत्येसाठी वेगळे कलम नाही. दीडशे वर्षांचा हा अनुभव समोर असताना ते कलम यायला हवे, आणि ते येईपर्यंत प्रत्येक न्यायालयाने आरोपी बाईचे चारित्र्य तपासण्याआधी तिची परिस्थिती तपासावी.