सोपा

आमच्या साताऱ्याच्या जुन्या घरात सोप्यातल्या सागवानी खांबावर चाकूच्या खाचा होत्या. सगळ्यात खाली माझी, वर ताईची, मधे शेजारच्या दोघा पोरांच्या. दर दिवाळीत आजी आम्हाला ओळीनं उभं करून डोक्यावर पट्टी धरायची. शेजारची पोरं आमच्या खांबावर मोजली जात, कारण सोपा गल्लीचाही होता.

सोपा म्हणजे जोत्यावरचा, रस्त्याकडून उघडा असा पहिला खण. त्यामागं माजघर, स्वयंपाकघर आणि परडं. 1708 साली साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढं पायथ्याशी वारांच्या नावांच्या पेठा वसत गेल्या. 1801 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले, सांगलीला त्यांची राजधानी आली आणि कृष्णाकाठचं ते गाव वाढू लागलं. दोन्ही गावांत वाड्यांना सदर असायची, साध्या घरांना सोपा.

घरातलं वाढतं माणूस आधी सोप्यातच यायचं. सोयरिकीची बोलणी तिथं, कासाराकडून बांगड्या भरणं तिथं. बाळंतीण माजघरात असली तरी न्हाऊ घातलेलं बाळ कोवळ्या उन्हाला सोप्यात. येता-जाता कुणीही त्याला उचलून घ्यायचं, तेवढ्यात आईच्या पोटात दोन घास जायचे. बारशाच्या घुगऱ्या नंतर वाटल्या जात. बाळाची ओळख गल्लीला आधीच झालेली असे.

पण कुटुंब वाढलं की पहिला घास सोप्याचाच. थोरल्याचं लग्न ठरलं, फळ्या मारून खोली काढली. धाकट्याच्या वेळी विटांची भिंत आली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात दगडमातीची घरं ढासळली. जुन्या भिंतींवरचा भरवसाही गेला. मग सिमेंट, स्लॅब, पुढं फ्लॅट. सोप्याच्या जागी हॉल झाला, हॉलमध्ये सोफा. सोफ्याचं मूळ अरबी ‘सुफ्फा’, म्हणजे बसायचा ओटा. ओटा आत आला आणि दार लागलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांची अंथरुणं, म्हातारी माणसं, तान्ही मुलं घरात घेतली. सोपा नव्हता, पण सोप्याची माया लोकांत शिल्लक होती. तिला रोज बसायला जागा मात्र हवी.

आता भाच्यासाठी घर बघतोय; त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. बिल्डर खोल्या मोजून दाखवतो. मी जिन्याच्या वळणावर थांबून बघतो: इथं दोन खुर्च्या मावतील का, सकाळचं ऊन येतं का, आणि समोरचं दार दिवसा उघडं असतं का.