सिनेटवर मास्तर कधी पोहोचले?

‘आपले सर सिनेटवर निवडून आले,’ अशी बातमी आली की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स फिरतो. कायद्याच्या मराठीत या सभेचं नाव ‘अधिसभा’. विषयपत्रिकेपासून इतिवृत्तापर्यंत सगळीकडे तोच शब्द छापलेला असतो. बोलताना मात्र कुणी ‘अधिसभेवर गेलो’ म्हणत नाही; सगळे सिनेटच म्हणतात. दीड शतकाहून जास्त काळ हा शब्द आपल्याकडे नांदतो आहे. तो आला तेव्हा मात्र शिक्षकाला शिक्षक म्हणून या सभेवर निवडून जाण्याची वाटच नव्हती.

शब्दाचं माहेर रोम. लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे वयोवृद्ध माणूस आणि त्यावरून ‘सेनाटुस’ म्हणजे वडीलधाऱ्यांची सभा. संस्कृतात जुन्याला ‘सन’ असा शब्द आहे, त्याच कुळातून आपला ‘सनातन’ आला. भाषाशास्त्रज्ञ सेनेक्स आणि सन यांचं मूळ एकच मानतात. तेव्हा सिनेट आणि सनातन हे दूरचे का होईना, भाऊबंद ठरतात.

‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाचं कूळही पाहण्यासारखं आहे. ‘युनिव्हर्सिटास’ म्हणजे संघ, एका धंद्यातल्या लोकांची जूट. मध्ययुगातल्या पॅरिसमध्ये अध्यापकांनी असा संघ बांधला आणि आपल्यात कुणाला घ्यायचं, हे तेच ठरवू लागले. इटलीतल्या बोलोन्यात संघ विद्यार्थ्यांचा होता. तासाला उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला तिथे दंड भरावा लागे. दोन्हीकडे कारभार चालवणारी माणसं वर्गातली होती, दरबारातली नव्हती.

मुंबईला ही परंपरा मिळाली नाही. 19 जुलै 1854 च्या, शिक्षणविषयक धोरण ठरवणाऱ्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानातल्या विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना पसंत केला. 1836 मध्ये स्थापन झालेलं ते विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नव्हतं, परीक्षा घेऊन पदव्या देत होतं, आणि त्याचा कारभार सरकारने नेमलेल्या फेलोंच्या, म्हणजे सभासदांच्या, सिनेटकडे होता. 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ जन्माला आलं ते याच साच्यातून. गव्हर्नर हे पदसिद्ध कुलपती. सिनेटवर न्यायाधीश, लष्करी आणि मुलकी अधिकारी, मिशनरी, काही प्राचार्य. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे हिंदी फेलो बोटांवर मोजण्याइतके. शिकवणं कॉलेजांत चाले, निर्णय सिनेटमध्ये होत. आपल्या विद्यापीठांचं अर्धं दुखणं या फारकतीत आहे.

जाता जाता पदनामांविषयी. कुलपती म्हणजे हजारो शिष्यांना जेवू घालून शिकवणारा ऋषी, असा जुना अर्थ आहे. मराठीने हा शब्द राज्यपालांच्या पदाला दिला आणि विद्यापीठ चालवणाऱ्याला ‘कुलगुरू’ म्हटलं. हिंदीत त्याच माणसाला परंपरेने कुलपती म्हणतात. मराठीची निवड जास्त चांगली, कारण कारभाऱ्याच्या पदनामात तिने ‘गुरू’ हा शब्द शिल्लक ठेवला.

सिनेटची खरी कसोटी मराठी भाषेच्या प्रश्नावर लागली. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेल्या मूठभर मुलांत महादेव गोविंद रानडे होते. 1862 च्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीतही रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यार्थी असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. हेच ग्रँट पुढे कुलगुरू झाले आणि हेच रानडे 1865 मध्ये फेलो म्हणून सिनेटवर गेले.

त्याच दशकात पदवी परीक्षांतून देशी भाषा बाहेर पडल्या. संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा तेवढ्या राहिल्या. रानड्यांनी हा विषय सोडला नाही. न्यायाधीशाचं काम सांभाळून त्यांनी मराठी ग्रंथसंपदेचा आढावा लिहिला. या भाषेत अभ्यासण्याजोगं काही आहे का, या शंकेला त्यांना पुराव्याने उत्तर द्यायचं होतं. आयुष्याच्या अखेरीस त्यांचा आग्रह होता की निदान एम.ए.ला तरी मराठी असावी. 16 जानेवारी 1901 रोजी ते गेले, आणि त्यानंतर मराठीला एम.ए.च्या परीक्षेत जागा मिळाली. अभ्यासक्रम कुणाच्या हाती असावा, असं कुणी विचारलं की ही हकीकत सांगावी. जो माणूस त्या परीक्षांतून स्वतः गेला होता आणि ज्याला ती भाषा आतून ठाऊक होती, त्यालाही आपलं म्हणणं पटवायला आयुष्य खर्चावं लागलं.

1890 च्या दशकात पदवीधरांना काही फेलो निवडून देता येऊ लागले, आणि टिळक त्या वाटेने सिनेटवर गेले. मग व्हाइसरॉय म्हणून लॉर्ड कर्झन आला. त्याच्या 1904 च्या कायद्याने मुंबई विद्यापीठाच्या फेलोंची संख्या 50 ते 100 मध्ये बांधली, तहहयात फेलोशिप बंद करून मुदत पाच वर्षांची केली आणि निवडणुकीने भरायच्या जागा 20 ठेवल्या. उरलेल्या बहुतेक कुलपतींच्या, म्हणजे सरकारच्या, हाती. फर्ग्युसनमध्ये अनेक वर्षं शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदे मंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला, आणि तो योग्यच होता. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: शिक्षकी पेशातल्या माणसांना सिनेटवर आणि सिंडिकेट या कार्यकारी मंडळावर काही जागा कायद्याने मिळाल्या त्या याच कायद्यात. सरकारची पकड घट्ट करणाऱ्या कायद्याच्या फटीतून मास्तर आत आले.

1928 च्या मुंबई विद्यापीठ कायद्याने अकॅडेमिक कौन्सिल आणलं, आजची विद्यापरिषद. शिक्षणाचे प्रश्न शिक्षणातल्या माणसांपुढे यावेत, ही त्यामागची कल्पना. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठं वाढली, पुण्याला 1949 मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं. प्राध्यापकांच्या संघटना उभ्या राहिल्या. मुंबईत बुक्टू, विदर्भात नुटा यांची नावं निवडणुकीच्या पॅनेलवर दिसू लागली. पगाराचा लढा आणि सिनेटचा लढा तीच माणसं लढत होती. 1994 च्या कायद्याने सगळ्या विद्यापीठांना एका चौकटीत आणलं आणि कार्यकारी मंडळासाठी व्यवस्थापन परिषद हे नाव रूढ झालं.

आज लागू आहे तो 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. त्याच्या अधिसभेत कॉलेजांतल्या शिक्षकांचे 10 प्रतिनिधी निवडून येतात, प्राचार्यांचे 10, नोंदणीकृत पदवीधरांचे 10 आणि संस्थाचालकांचे 6. अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षणाचा अहवाल या सभेपुढे ठेवावे लागतात. निकाल रखडला, वसतिगृहात पाणी नाही, शिक्षकांच्या जागा रिकाम्या, हे कुलगुरूंना समोरासमोर विचारता येतं ते इथेच. मात्र या कायद्याने नामनिर्देशित सदस्यांचं वजन वाढवलं, अशी प्राध्यापक संघटनांची तक्रार आहे. ती रास्त आहे. नेमलेला माणूस कितीही विद्वान असला, तरी आपल्याला कुणी नेमलं हे तो विसरत नाही.

निवडणुका वेळेवर होतील याचीही खात्री नसते. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक मतदान तोंडावर आलं असताना स्थगित झाली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच ती पार पडली.

या मतदानाचा हक्क पदवीबरोबर आपोआप मिळत नाही. विद्यापीठाकडे अर्ज करून नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव घालावं लागतं, आणि बहुसंख्य पदवीधरांना याची गंधवार्ताही नसते. तुमची पदवी महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाची असेल, तर पुढच्या निवडणुकीआधी मतदार यादीत आपलं नाव आहे का ते पाहा. नसेल तर नोंदवून घ्या.