यरीहोचा गुलाब, जो गुलाबच नव्हे

धर्मयुद्धांच्या काळापासून पॅलेस्टाईनची यात्रा करून परतणारे युरोपीय यात्रेकरू गाठोड्यातून एक वाळका गोळा घरी आणत. मुठीएवढा, करड्या रंगाचा, फांद्या आत वळलेल्या. नाताळात तो पाण्यात ठेवला की काही तासांत उलगडे आणि सुकला की पुन्हा मिटे. पुनरुत्थानाचा असा हातात धरता येणारा दाखला आणखी कुठे मिळणार? तिथल्या यरीहो शहरावरून नाव पडलं यरीहोचा गुलाब. बायबलच्या परंपरेतल्या सिराखच्या ग्रंथात यरीहोच्या गुलाबांचा उल्लेख आहे खरा, पण ते हेच झुडूप असं मानायला तिथे काही आधार सापडत नाही.

1753 मध्ये लिनीअसने या वनस्पतीला अनास्टॅटिका हायरोकुंटिका म्हटलं. त्यात पुनरुत्थानही आलं आणि यरीहोही, म्हणजे भाविकांची समजूत शास्त्रीय नावातच जाऊन बसली. कुळ मात्र अगदी स्वयंपाकघरातलं: मोहरी, मुळा, कोबी यांचं. चार पाकळ्यांचं चिमुकलं पांढरं फूल पाहिलं की नातं पटतं.

मोरोक्को, सहारा, इजिप्त, मृत समुद्राचा परिसर, अरबस्तान, इराण आणि पुढे बलुचिस्तान एवढा तिचा मुलूख. आयुष्य मात्र एका हंगामाचं. हिवाळी पाऊस पडला की रुजायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं. पाऊस बेताचा असेल तर झाड जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचं राहतं आणि एक-दोन फळांवर समाधान मानतं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात ओल मिळाली तर तेच चांगलं पसरतं. बी पिकलं की पानं गळतात, फांद्या लाकडासारख्या टणक होतात आणि फळांना पोटाशी घेऊन आत वळतात.

पाण्यात उलगडतं ते हे मेलेलं लाकूड. फांदीच्या दोन बाजू ओलाव्याने सारख्या फुगत नाहीत आणि सुकताना सारख्या आक्रसत नाहीत, म्हणून ती वळते आणि सरळ होते. यात जीव कुठेच नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला गोळाही त्यामुळेच पाण्यात तितक्याच निमूटपणे उघडतो.

खरा चमत्कार यात्रेकरूंच्या नजरेतून निसटला. तो फळात आहे. फळाला कानांसारखे दोन पसरट पंख असतात. पावसाने फांद्या उघडल्या की पुढचे थेंब या पंखांवर आदळतात, फळाची झडप सुटते आणि बी बाहेर पडतं. भुरभुर पावसात फांद्या उघडतात, पण बी फारसं सुटत नाही. जोरदार सर आली तर बरंच सुटतं, तरी सगळं नाही. उरलेलं पुढच्या पावसांसाठी राखून ठेवलेलं असतं. वाळवंटात पहिल्या सरीनंतर दुसरी येईलच याची खात्री नसते, तेव्हा ही कंजुषी शहाणपणाची. मेलेलं झाड मुळांवर घट्ट उभं राहून कित्येक वर्षं हा साठा सांभाळतं.

सुटलेलं बी भिजलं की अळिवासारखं बुळबुळीत होतं (अळीवही याच कुळातला), जमिनीला चिकटतं आणि काही तासांतच रुजू लागतं. त्यामुळे रोपांची दाटी बहुधा मेलेल्या आईच्या आसपासच दिसते. हे झुडूप उन्मळून वाऱ्याबरोबर वाळवंटभर गडगडत जातं आणि बी पेरत फिरतं, असं अनेक पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असतं. चित्र देखणं आहे, पण नेगेव्ह वाळवंटात फ्रीडमन आणि स्टाइन यांनी केलेल्या अभ्यासातून, जो 1980 मध्ये प्रसिद्ध झाला, बीप्रसाराचं मुख्य काम पाऊस करतो असं दिसलं.

अरबीत हिला 'कफ मरियम', म्हणजे मरियमचा तळवा म्हणतात. मूठ उघडावी तशी ती उघडते म्हणून प्रसूती सुलभ व्हावी यासाठी तिचं पाणी बाईला पाजण्याची प्रथा अरबस्तानापासून मलेशियापर्यंत पसरली. हजयात्रेकरूंबरोबर ती भारतातही आली. इथे 'मरियम बूटी', 'गर्भफूल' अशी नावं आहेत. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात, म्हणजे एकाच कुळातली दोन झाडं बाळंतपणाशी जोडली गेली. अळीव निदान खाण्याचं बी तरी आहे. गर्भफुलाचं पाणी गरोदरपणात सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे ते पिण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

बाजारात 'यरीहोचा गुलाब' याच नावाने आणखी एक वनस्पती खपते. ती मेक्सिको आणि टेक्सासच्या चिहुआहुआ वाळवंटातली सेलाजिनेला लेपिडोफिला, नेच्यांची दूरची नातेवाईक. तिला फूल नाही, बी नाही, पण वाळून कोळ झाल्यावरही ती जिवंत असते आणि पाणी मिळताच हिरवी होते. दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. उघडल्यावर हिरवे खवले दिसले तर ती मेक्सिकोची. नुसत्या करड्या काड्या आणि त्यांवर दोन कानांची फळं दिसली तर ती मोहरीची भावकी.