कोंबडीला अभय कोणाचे?

वऱ्हाडातील जीवदयेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो बहुतांशी गाईचाच इतिहास होईल. 1853 च्या तहाने निजामाचा हा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली गेल्यावर, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) येथील कापसास जो अपूर्व भाव आला आणि पाठोपाठ आलेल्या लोहमार्गामुळे अकोला-अमरावतीच्या बाजारांत मारवाडी व गुजराती पेढ्यांची जी दाटी झाली, तिच्याबरोबर पांजरपोळाची जुनी कल्पनाही या मुलखात रुजली. उतरलेल्या मालावर धर्मादायाची रक्कम कापून ठेवावयाची आणि तीतून भाकड जनावरांस वैरण घालावयाची, हा व्यापाऱ्यांचा शिरस्ता होता. अकोल्यात गोरक्षणाच्या नावाचा हमरस्ताच आहे. कोंबडीच्या नावे खाते उघडण्याचे कारण मात्र त्या पेढ्यांना कधी पडले नाही.

त्याचे एक कारण शास्त्रात आहे आणि दुसरे व्यवहारात. मनुस्मृतीने ग्रामकुक्कुटास लसूण आणि गावडुकराच्या पंक्तीस बसवून द्विजांना वर्ज्य ठरविले. साहजिकच ज्यांच्या हाती दान करण्याइतका पैसा होता त्यांच्या अंगणात कोंबडीस प्रवेश नव्हता, आणि ज्यांच्या अंगणात ती होती त्यांच्यापाशी दानधर्मास शिल्लक उरत नव्हती. शिवाय कुणबी, महार, परीट किंवा मुसलमान कुटुंबातील ही मालमत्ता घरधन्याची नसे, घरधनिणीची असे. शेत, बैल, कापसाचे पैसे यांचा हिशेब पुरुष करी. अंड्यांचे पैसे लुगड्याच्या पदरात बांधले जात आणि त्यांतून मीठ, तेल, पोरीच्या बांगड्या निघत. गरिबाच्या घरातील अशी खाजगी तिजोरी इतिहासकाराच्या नजरेस सहसा पडत नाही.

या तिजोरीवर हक्क सांगणारे पुष्कळ होते. पाहुणा आला की एक जाई. फिरतीवरील साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला की रसदेच्या नावाने दोन-चार जात. नवस फेडावयाचा झाला की कोंबडा जाई. आणि पटकीची साथ आली की आणखी एक चमत्कारिक मार्ग उघडे. फ्रेझर यांनी आपल्या ‘गोल्डन बाउ’ या ग्रंथात मध्य प्रांतातील एक विधी नोंदविला आहे: शेंदूर फासलेल्या कोंबड्या गावातून बाहेर हाकलावयाच्या, म्हणजे रोग त्यांच्याबरोबर निघून जातो अशी समजूत, कोंबड्यांनी काम भागले नाही तर बकरी, आणि शेवटी डुकरे. पुढे 1903 मध्ये वऱ्हाड त्याच प्रांतास जोडला गेला. विधीतील कोंबडीचा प्राण घेतला जात नाही हे खरे. पण तिच्या मागे दार बंद होते, आणि पुढे कोल्हा उभा असतो. हिला सुटका म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

प्राण वाचविण्याचा खरा आग्रह धरला तो शेणगावच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी, म्हणजे गाडगे महाराजांनी. 1876 साली अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात जन्मलेल्या, वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीस मामाच्या घरी गुरे राखीत वाढलेल्या या माणसाने, मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न घालता गोडाचे जेवण घातले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जातगंगेस हे मानवले नसणार. पण त्यातील शहाणपण असे की, देवास बळी देऊ नका हे सांगण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या दारातील पंगत बदलली. पुढे कीर्तनांतून ते बकऱ्या-कोंबड्यांच्या बळीवर बोलू लागले तेव्हा समोर पेढीवाले नव्हते, कोंबडी कापणारेच बसले होते. धर्मादायाच्या पैशाने जनावर सोडविणाऱ्या दयेहून ही दया मला अधिक मोलाची वाटते. 1925 च्या सुमारास मूर्तिजापुरास त्यांनी धर्मशाळेबरोबर गोरक्षणही उभे केले, आणि पशुपक्ष्यांना अभय हे त्यांच्या दशसूत्रीतील एक कलम आहे.

परंतु बळीतून वाचलेल्या कोंबडीने जावे कोठे? गाय गोठणीवर उभी राहील. कोंबडीस रात्रीपूर्वी खुराडे लागते. तिची सोय वऱ्हाडातील बायकांनी कोणत्याही संस्थेविना लावून ठेवली होती. एखादी तलंग वाट्याने शेजारणीकडे किंवा बहिणीच्या गावी द्यावयाची. ती खुडूक झाली की राखेवर किंवा भुश्यावर अंडी मांडून तिला बसवावयाचे, एकवीस दिवसांनी निघालेली पिल्ले निम्मी-निम्मी वाटून घ्यावयाची, आणि मूळ कोंबडी मालकिणीची. या व्यवहाराचा खरा उपयोग मानमोडीच्या साथीत कळे. माना वाकड्या होऊन गल्लीतील खुराडी पाहता पाहता ओस पडत, तेव्हा परगावी ठेवलेली ती एक कोंबडी घराचे वाण राखी. या रोगास पशुवैद्यांनी राणीखेत हे नाव दिले ते कुमाऊंतील गावावरून. लस नंतर आली, आणि खेड्यात पोहोचावयास तिला आणखी बराच काळ लागला.

 पुढे पिंजऱ्यांतील अंड्यांचा धंदा देशभर वाढला, आणि 1982 मध्ये अंड्याचा भाव सुचविणारी राष्ट्रीय समितीही निघाली. इंग्लंडात आता पिंजऱ्यातील निकामी ठरलेल्या कोंबड्या घरोघर देणारी धर्मादाय संस्था आहे. 2005 मध्ये ती निघाली आणि लोक रांग लावून कोंबड्या नेतात. आपल्याकडे निकामी ठरतात ती प्रथम नर पिल्ले, कारण अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही धरत नाही. ती गुलाबी, हिरव्या रंगात बुचकळून आठवडी बाजारात पोरांना विकली जातात. बहुतेक दोन-चार दिवसांत मरतात. एखाद्या घरात खुडूक कोंबडी असली तर आजी ते पिल्लू अंधार पडल्यावर तिच्या पंखाखाली सरकवते, कारण दिवसा ती परके पोर ओळखून चोच मारते. सकाळपर्यंत बहुधा दोघांचे जमते. पिसे बदलली की रंग जातो, खाली पांढरा कोंबडा निघतो, आणि तो आखाडीपर्यंत टिकला तर त्याचे काय करावयाचे यावर घरात पोरे एका बाजूस आणि मोठी माणसे दुसऱ्या बाजूस, असा वाद होतो.