शिंगांचा रंग, पाळण्याचा रंग आणि शिसे

देवणी म्हटले की आठवतो तो इथला बैल. पोळ्याला त्याची शिंगे रंगवायची आणि डब्यात उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून तोच खिडकीला, पाळण्याला मारायचा. तुमच्याही घरी असे होते का? मग ही माहिती तुमच्यासाठी आहे.

पिवळा, लाल, नारिंगी रंग चमकदार आणि टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. आपला पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड. या रंगाने मुले आजारी पडतात, हे ऑस्ट्रेलियातील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहिले होते. व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांची भुकटी मुलांच्या हाताला लागे आणि हातावाटे पोटात जाई. तरीही अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर बंदी यायला १९७८ उजाडले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा तर १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.

म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांत शिसे असू शकते. शिवाय हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. यंत्रांसाठीचा औद्योगिक रंग त्यात येत नाही.

लहान मुलांच्या आतड्यातून शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते. ते मेंदूच्या वाढीवर घाव घालतो आणि झालेले नुकसान सहसा भरून निघत नाही. बहुतेकदा लक्षणे दिसतच नाहीत. कधी पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, चिडचिड, अभ्यासात मागे पडणे एवढेच दिसते. शिशाचे सुरक्षित प्रमाण कोणतेच नाही.

काय कराल?

- जुना रंग कोरडा घासू नका, जाळू नका. ओला करून काढा. त्या वेळी मुले आणि गरोदर बाई घरात नकोत.
- रंगाचे पोपडे पडत असतील तर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.
- जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.
- नवा रंग घेताना डब्यावर ९० पीपीएमचा उल्लेख पाहा.
- भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. स्वस्त कथलात शिसे मिसळलेले असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते.
- शेंदूर मुलांच्या हाती लागू देऊ नका.
- शिंगांसाठीही शिसे नसलेलाच रंग वापरा. गुरे रंग चाटतात, आणि शिशाने गुरेही दगावतात.

मूल रंगाचे पोपडे किंवा माती खात असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या. लक्षणांची वाट पाहू नका.