दुसऱ्यासाठीं खरेदी

लग्नाचा बस्ता बांधावयाचा असला म्हणजे कापडाची पारख असलेल्या एखाद्या मावशीस किंवा आत्याबाईंस आपण बरोबर नेतों. त्या मोबदला घेत नाहींत. हेंच काम कोणी पैसे घेऊन पत्करलें, तर त्यानें अन्न कोणाचें खावें, गिऱ्हाइकाचें कीं दुकानदाराचें? अमेरिकेच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें सांपडतात.

१७५९ सालीं विवाह होतांच जॉर्ज वॉशिंग्टन लंडनच्या रॉबर्ट केरी आणि कंपनी ह्या अडत्यांकडे मालाच्या याद्या धाडूं लागले. व्हर्जिनियांतील मळ्यांवरील तंबाखू अडत्यांनीं विकावी आणि त्या पैशांतून कापड, पादत्राणें, घरसामान घेऊन जहाजानें पाठवावें, असा हा व्यवहार. अडत त्यांना मिळेच. पण १७६० च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टननीं कडक पत्र लिहिलें : माल परदेशीं जावयाचा आहे असें कळलें कीं लंडनचे दुकानदार जुनाट व हलक्या वस्तु गळ्यांत बांधतात आणि शेंकडा दहा, पंधरा, क्वचित् वीसहि वर चढवितात ! १७६४ च्या सुमारास ह्या गृहस्थांस अडत्यांचें सुमारें १८०० पौंड देणें झालें होतें. सारा दोष अडत्यांचा नव्हे. यजमानांच्या याद्याहि कांहीं लहान नसत. पण माल वाईट निघाला तर अडत्याचें कांहीं बुडत नसे, आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडे.

गिऱ्हाईक समोर उभें असतां हेंच काम कसें चालतें, तें न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन ह्या दुकानांत दिसलें. बेटी हॅलब्राइक ह्या बाई १९७६ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तेथें लागल्या. संसार मोडला होता, आणि मन इतकें खचलें कीं रुग्णालयांतहि रहावें लागलें होतें. विक्रीचीं बिलें करणें त्यांस साधेना. कापड, शिवण आणि माणूस ह्यांची पारख मात्र पक्की. तेव्हां गिऱ्हाइकांसाठीं स्वतः निवड करून देण्याचें काम त्यांच्याकडे आलें. सगळे मजले धुंडाळून त्या वस्त्रें जमवीत आणि अंगावर चढवून पाहण्यास खोलींत आणून ठेवीत.

ह्या बाईंनीं विक्रीवरील कमिशन घेण्याचें नाकारलें. माझ्या मतें त्यांच्या धंद्याचें सारें मर्म येथेंच आहे. कमिशन खाणाऱ्याच्या तोंडून “हें तुम्हांस शोभत नाहीं” हें वाक्य सहसा निघत नाहीं. बाई तें रोखठोक बोलत, आणि महाग झगाहि परत खुंटीस लावावयास सांगत. दुकानदारास हें कसें परवडलें, असें कोणी विचारील. एकदां खरें ऐकलेलीं गिऱ्हाइकें वर्षानुवर्षें त्यांच्याकडेच येत राहिलीं.

२०२४ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, त्या वारल्या. नव्वदी उलटल्यावरहि त्या त्याच दुकानांत कामावर येत असत.